वर येण्याचे शास्त्र : जॉन स्कॉट हॉल्डेन

समुद्राच्या पाण्याखाली उतरण्याची युक्ती माणसाला केव्हाच साधली होती. एकोणिसाव्या शतकात तांब्याचे शिरस्त्राण, रबरी पोशाख आणि वरून पंपाने हवा सोडणारी नळी आली, आणि पाणबुडे तासन्‌तास तळाशी काम करू लागले. तेथून वर कसे यावे, हे मात्र १९०८ सालापर्यंत कोणाला नेमके सांगता येत नव्हते. खाली धडधाकट असलेली माणसे वर आल्यावर सांध्यांच्या कळांनी तळमळत, काही कायमची लुळी होत, काही मरत. हे कोडे ज्यांनी सोडवले त्या जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. तेव्हा मला स्वतःला जेवढे उमगले तेवढेच लिहितो.

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे एका सधन घराण्यात झाला. त्यांचे वडील बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉन यांनी १८८४ मध्ये वैद्यकीची पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. डंडी शहरातील गरिबांच्या कोंदट खोल्यांत जाऊन ते तेथील हवेचे नमुने बाटल्यांत भरू लागले. गटारांतील हवाही त्यांनी तपासली. पुढे ऑक्सफर्डला स्थायिक झाल्यावरही त्यांचे लक्ष कष्टकऱ्यांच्या श्वासावरच राहिले. माणूस कमालीचा विसरभोळा होता. पाहुणे जेवायला आले असताना कपडे बदलण्यासाठी वर गेले आणि रात्र झाली असे समजून झोपी गेले, अशी त्यांची एक गोष्ट सांगतात.

१८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. मेलेली माणसे भाजून किंवा दगडांखाली चिरडून मेली असावीत, अशीच समजूत होती. हॉल्डेन यांनी प्रेते तपासून दाखवून दिले की, बहुतेकांचा जीव स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड या वासरहित वायूने घेतला होता. हा वायू माणसाला कसा ग्रासतो हे पाहण्यासाठी त्यांनी तो स्वतः हुंगला आणि आपलेच रक्त तपासले. छोट्या प्राण्यांना हे विष माणसाच्या आधी बाधते, म्हणून खाणीत पिंजऱ्यातला पक्षी न्यावा, ही सूचना त्यांचीच. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत वापरात होते.

ब्रिटिश नौदलाने पाणबुड्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला तो १९०५ च्या सुमारास. मूळ कारण फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्येच दाखवले होते. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात व मांसात विरघळत जातो. माणूस घाईने वर आला की दाब एकदम उतरतो आणि तोच वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्याबरोबर काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. येथे बाटलीच्या जागी माणसाचे शरीर असते.

लंडनच्या लिस्टर संस्थेतील पोलादी टाकीत हॉल्डेन यांनी शेळ्या कोंडल्या, दाब चढवला आणि निरनिराळ्या रीतींनी तो उतरवला. शेळीने पुढचा पाय दुमडून वर धरला की दुखणे लागले असे समजायचे. या खटाटोपातून एक सोपा नियम निघाला. दाब निम्म्यावर आणला तर सहसा अपाय होत नाही. म्हणून खोलातून निम्म्या दाबापर्यंत झटकन यावे, मग टप्प्याटप्प्याने थांबत यावे. शरीराचे काही भाग पाच मिनिटांत निम्मे भरतात, तर काहींना पंचाहत्तर मिनिटे लागतात, असे धरून त्यांनी तक्ते मांडले. १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या रोथसे येथे खऱ्या समुद्रात परीक्षा झाली. डॅमंट व कॅटो हे नौदलाचे दोघे पाणबुडे २१० फुटांपर्यंत जाऊन सुखरूप परतले. हॉल्डेन यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही तेथे पाण्यात उतरवले! पोशाख मोठ्या माणसाचा, त्यामुळे मनगटांशी पाणी आत शिरले आणि पोरगा भिजून वर आला. ही गोष्ट मला आजही पटत नाही, पण बापाने स्वतःला आणि मुलाला एकाच मापाने मोजले एवढे खरे.

हे तक्ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर पाण्याखालचे काम बदलून गेले. पुढच्या अभ्यासकांना निम्म्या दाबाचा नियम थोडा सैल वाटला व त्यांनी तो आवळला. तरी पाणबुड्याच्या मनगटावरचे आजचे यंत्र बरेचसे हॉल्डेन यांच्याच रीतीने हिशेब करते.

हे सारे मी का वाचत बसलो, ते सांगतो. आमचे गाव मालवणच्या बाजूला. तेथे हल्ली सुट्टीत येणारे पाहुणे पाठीवर सिलिंडर घेऊन रंगीत मासे पाहायला पाण्यात उतरतात. १९४३ मध्ये फ्रान्सच्या कुस्तो व गान्यां यांनी हे साधन सिद्ध केल्यापासून ही मौज सामान्यांच्या आवाक्यात आली. उथळ पाण्यात थोडा वेळ राहणाऱ्या पाहुण्याला बुडबुड्यांचा धोका कमी, हे हॉल्डेन यांच्या नियमावरूनच कळते. त्याचा खरा शत्रू म्हणजे घाबरून श्वास रोखून वर येणे. दहा मीटरवर छातीत सहा लिटर हवा असेल तर पृष्ठभागावर तिला बारा लिटरची जागा हवी, आणि फुप्फुस तेवढे ताणत नाही. ते फाटायला दीड मीटर पाणीही पुरते. शिवाय दाबाखाली श्वास घेतल्यावर त्याच दिवशी विमानात बसू नये. एका बुडीनंतर बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावे, असे जाणकार सांगतात. उंच घाट चढतानाही हवेचा दाब उतरतो, हे परतीच्या गाडीत कोणाच्या ध्यानात येत नाही.

पण पाहुणा एकदाच उतरतो. माझा चुलतभाऊ हंगामात दिवसातून सात-आठ वेळा त्यांना हात धरून खाली नेतो आणि वर आणतो. पंचाहत्तर मिनिटांत निम्मे भरणारे शरीराचे भाग मधल्या दहा-पंधरा मिनिटांत रिकामे कसे होणार? संध्याकाळी दादाचा खांदा दुखतो. सिलिंडर उचलून दुखतो, असे तो म्हणतो आणि तेल चोळून घेतो. तसे असेलही. पण खांद्याचे दुखणे हे या विकाराचे नेहमीचे लक्षण आहे, हे वाचल्यापासून मी त्याच्या मागे लागलो आहे की, बुड्या मोजून कर, मध्ये तासभर थांब, आणि दुखले तर तेलाऐवजी डॉक्टर गाठ. यावर उपाय म्हणजे शुद्ध प्राणवायू आणि पुन्हा दाब देणारी बंद खोली. ती गावोगावच्या दवाखान्यांत नसते. दादा हसतो. रोज मिळायचे ते बुड्यांवर मिळते, त्यामुळे माझा तक्ता त्याला परवडत नाही.

हॉल्डेन यांच्या उत्तरायुष्याविषयी थोडे. १९११ मध्ये ते अमेरिकेतील पाइक्स पीक या शिखरावर विरळ हवेचा अभ्यास करायला गेले. १९१५ मध्ये जर्मनांनी युद्धात क्लोरीन वायू सोडला, तेव्हा त्यांनी फ्रान्सला जाऊन पाहणी केली आणि परत येऊन तो वायू स्वतःवर घेऊन पाहिला. पंचाहत्तरी गाठलेली असतानाही इराणच्या तेल कारखान्यांत कामगारांना उष्माघात का होतो ते पाहायला ते गेले. तेथून परतल्यावर मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. रोथसेला भिजलेला तो मुलगा म्हणजेच प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. ते १९५७ मध्ये भारतात आले, येथले नागरिक झाले, आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे वारले.