पराभवाच्या मोसमात सावरलेला संघ आणि बाळू पालवणकर

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यास मोठी गर्दी लोटते. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा दिली. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांदा जिल्ह्याचाच भाग होता. या भूमीवर बाबासाहेबांच्या आयुष्याची उजळणी होते, तेव्हा त्यांच्या तरुणपणी दलित समाजाचा पहिला लोकप्रिय नायक ठरलेल्या एका खेळाडूचे नाव मात्र फारसे निघत नाही. ते नाव बाळू पालवणकर. या दोघांचे रस्ते पुढे कसे वेगळे झाले, हा तर त्याहूनही कमी बोलला जाणारा भाग आहे.

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील पालवणचे, चांभार समाजातले. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या चाकरीत होते आणि त्या नोकरीमुळेच कुटुंब पुण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू व त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले. बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि पगार महिन्याला ३ रुपये. १८९२ मध्ये ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले आणि पगार एका रुपयाने वाढला. तेथे जाळ्या लावणे, मैदान आखणे या कामांबरोबरच सरावासाठी गोलंदाजी करण्याची कामगिरी त्यांच्याकडे आली.

कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नावाजलेले फलंदाज. आपला सराव व्हावा म्हणून ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंना तासन्‌तास चेंडू टाकायला लावीत. बाद केले की आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. बाळूंचा डावखुरा मंदगती मारा घडला तो या सरावात. मात्र त्या क्लबात एकाही साहेबाने त्यांच्या हाती कधी बॅट दिली नाही. फलंदाजी हे मानाचे काम आणि गोलंदाजी हे मजुराचे, ही विभागणी साहेबांनी केली होती आणि आपल्याकडील उच्चवर्णीयांनाही ती सोयीची वाटत होती.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. पण त्यांच्यासोबत खेळायचे कसे, हा प्रश्न काही सभासदांना पडला. अखेर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सारे एकाच चेंडूला हात लावीत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी संघाला मोठा विजय मिळवून दिला, तेव्हा त्यांची मिरवणूक निघाली आणि पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या हस्ते सत्कार झाला. या सत्कारांनंतरही चहाचे भांडे लगेच बदलले नाही.

प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही काही सभासदांनी कुरकुर केली, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह सोडला नाही. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरविले. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. पुढच्या वर्षीही हिंदू जिंकले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद देशभर साजरा झाला आणि जातिभेद सोडल्यानेच हा विजय मिळाला, असे वृत्तपत्रांनी आवर्जून लिहिले.

१९११ मध्ये अखिल भारतीय म्हणविणारा पहिला संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू आणि मुसलमान प्रथमच एका झेंड्याखाली खेळणार होते. कर्णधारपद पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे होते. त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. तो राज्यारोहणाचा उन्हाळा असल्याने महाराजांचा ओढा मैदानापेक्षा मेजवान्यांकडे अधिक होता आणि लवकरच त्यांनी संघाची साथ सोडली. त्यांचे चिटणीस असलेले उत्तम फलंदाज मिस्त्री यांनाही बराच काळ संघापासून दूर राहावे लागले. कर्णधार नाही, प्रमुख फलंदाज नाही, हवा अनोळखी आणि समोर मुरलेले व्यावसायिक खेळाडू. विद्यापीठे झाली, एमसीसी झाली, कौंट्या झाल्या. पराभवांची रांगच लागली. इंग्लिश फुटबॉलमध्ये तळाशी गेलेला एखादा क्लब मोसमाच्या उत्तरार्धात मान वर काढतो, त्याच्या कथा आज आपल्याकडेही चवीने वाचल्या जातात. या संघाला मान वर काढायची होती ती मात्र परक्या भूमीवर, आणि मागे घरची प्रेक्षागृहे नव्हती.

त्या पडझडीत एकच माणूस रोज आपले काम चोख करीत होता. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. प्रथम श्रेणीतील ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी ठरली. वय पस्तिशीचे, खांदा दुखरा, साथीला दुसरा भरवशाचा गोलंदाज क्वचितच. तरीही चेंडू त्यांच्याच हाती येत राहिला. जुलैच्या मध्यास लेस्टर येथे चित्र पालटले. डॉ. कांगा यांनी दीडशेच्या वर धावा काढल्या, बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ११ बळी घेतले आणि भारतीयांनी लेस्टरशायरला नमविले. पाठोपाठ टाँटन येथे सॉमरसेटविरुद्धचा सामना आला. चौथ्या डावातील पाठलागात बाळूंचे धाकटे बंधू शिवराम ११३ धावांवर नाबाद राहिले आणि संघ एका गड्याने जिंकला. म्हणजे कौंट्यांवरील दोन्ही विजयांत पालवणकर बंधूंचा मोलाचा वाटा होता.

हिशेब मांडायचा तर दौऱ्यातील २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. ही काही यशोगाथा नव्हे. पण मोसमाच्या पूर्वार्धातील दैन्य पाहिले, तर उत्तरार्धात या संघाने पत सांभाळली हे मान्य करावे लागते. बाळूंच्या नावावर दौऱ्यात ११४ बळी जमा झाले, सरासरी १९ हूनही कमी.

मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राच्या रचनेत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता, असे अभ्यासक नोंदवितात. कर्तृत्वाच्या बळावर गोऱ्यांकडून आणि स्वदेशीयांकडूनही मान मिळविणारा आपला माणूस, म्हणून त्या काळी तरुण भीमरावांना बाळूंविषयी विलक्षण आदर होता.

हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र बाळूंना मिळाले नाही. १९१२ पासून सुरू झालेल्या चौरंगी सामन्यांत त्यांचा हक्क उघड होता, तरी दरवर्षी दुसऱ्याचे नाव पुढे येई. १९२० मध्ये कर्णधार पै आजारी पडल्यावर वयाने बरेच लहान असलेल्या दि. ब. देवधर यांची निवड झाली आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. लोकमताचा दबाव वाढला, बाळू उपकर्णधार म्हणून परत आले आणि पारशांविरुद्धच्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांवर विजय मिळविला. थोरल्या भावाला नाकारलेले पद धाकट्याला मिळाले, याला न्याय म्हणावे की उशिराचे प्रायश्चित्त, हे ज्याने त्याने ठरवावे. बाळू तोवर निवृत्त झाले होते. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी ही त्यांची कमाई.

राजकारणात ते उतरले ते मैदानावरचीच श्रद्धा घेऊन. अंगी गुण असेल आणि धीर धरला तर हिंदू समाज बदलतो, असा त्यांचा अनुभव होता. निदान तसे त्यांनी मानले होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ मध्ये येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिला बाळूंनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट आंबेडकरांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. लढत अटीतटीची झाली, पण पुढच्या पिढीने या उमेदवारीबद्दल त्यांना सहसा क्षमा केली नाही. मातीच्या भांड्यातला चहा पिऊनही ज्याचा विश्वास टिकला, त्याला भोळा म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच भांड्याच्या अनुभवातून वेगळ्या निष्कर्षाला पोहोचलेले बाबासाहेब अधिक दूरचे पाहत होते, हेही नाकारता येत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझच्या स्मशानभूमीत अंत्यदर्शनासाठी क्रिकेटपटू आणि दलित चळवळीतील कार्यकर्ते असे दोन्हीकडचे लोक आले होते. पुढल्या वर्षी ऑक्टोबरात नागपूर आणि चांद्याला जे घडले, ते पाहायला बाळू नव्हते.