खलनायिकेचे ऋण

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की मंडप उभे राहतात आणि रात्ररात्र नाटके रंगतात. नायिकेच्या दुःखाने प्रेक्षक विरघळतो. पण तिला छळणारी सासूच समर्थ नसेल, तर ते अश्रू यावयाचे कोठून? या प्रश्नासरशी ललिता पवार यांचे स्मरण होते.

1916 साली येवल्यात जन्मलेली ही मुलगी मूकपटांच्या काळात बालवयातच पडद्यावर आली, नायिका झाली, चित्रनिर्मितीतही उतरली. 1942 मध्ये एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांचा चेहरा लुळा पडला व डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकापदाचे दार मिटले. दुसरी एखादी खचली असती. ललिताबाईंनी त्या व्यंगालाच अभिनयाचे भांडवल केले. ‘रामशास्त्री’तील आनंदीबाई, ‘दहेज’मधील सासू, दूरदर्शनच्या ‘रामायणा’तील मंथरा, या भूमिकांनी लोकांच्या मनात धडकी भरविली. मात्र ‘श्री 420’मधील केळीवाली आणि ‘अनाडी’तील मिसेस डिसा यांनी त्याच चेहऱ्यामागची माया दाखविली. 1961 साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. 24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नायिकेला टाळ्या आणि खलनायिकेला शिव्याशाप, ही आपली जुनी रीत आहे. झाडीपट्टीतील एखादी अनाम नटी असे शिव्याशाप घेऊन पडद्याआड जाईल, तेव्हा तीच तिच्या कलेची पावती होय, हे रसिकांनी ओळखावे. आणि मानधनाच्या वेळी आयोजकांनीही त्याचा विसर पडू देऊ नये.