बिघाड शोधता शोधता घडलेले लिओ फेंडर

ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घरीच जोडणारे हौशी लोक आजही जगभर आहेत. जुळणी पूर्ण होते, स्विच दाबला जातो आणि फ्यूज उडतो. किंवा गिटारला हातही लावलेला नसताना स्पीकर घुमू लागतो. अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो पॉवर सप्लायवर. यातल्या अनेकांच्या टेबलावर जो आराखडा असतो, तो लिओ फेंडर यांचा. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. ते मुळात रेडिओ दुरुस्त करणारे होते.

१० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात फुलर्टनजवळ लिओचा जन्म झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाल्याने तो डोळा काढून काचेचा बसवावा लागला. मोटारींच्या विजेची कामे करणाऱ्या एका नातेवाइकाने रेडिओचे जुने सुटे भाग खोक्यात घालून पाठवले आणि कोवळ्या वयातच लिओला रेडिओचे वेड लागले. शिक्षण मात्र हिशेबाचे झाले आणि पुढे नोकऱ्याही हिशेबनिसाच्याच मिळाल्या. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून फेंडर यांनी फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. एका डोळ्यामुळे दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीही टळली.

त्या काळी रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही ट्यूबवर चालत, आणि दोन्हींचा पॉवर सप्लाय सारखाच असे. ट्रान्सफॉर्मर घरातल्या विजेचा दाब काहीशे व्होल्टपर्यंत चढवतो. रेक्टिफायर ट्यूब हा उलटसुलट वाहणारा प्रवाह एकाच दिशेला वळवते. त्यातले चढउतार मोठे कपॅसिटर सपाट करतात. वय आणि उष्णता यांमुळे कपॅसिटर आतून सुकला की हे चढउतार थेट स्पीकरपर्यंत पोहोचतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने ही घुमघुम १२० हर्ट्झची असते, आपल्याकडे १०० हर्ट्झची.

फ्यूज उडत असेल तर जास्त क्षमतेचा फ्यूज घालणे ही सर्वांत घातक चूक. योग्य क्षमतेचाच नवा फ्यूज घालून, रेक्टिफायर ट्यूब काढून स्विच दाबायचा. तरीही फ्यूज उडाला तर दोष बहुधा ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये असतो. टिकला, तर तो रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे असतो. मग ट्यूब परत बसवून आणि आउटपुट ट्यूब काढून पाहायचे. असा एकेक भाग बाजूला करत दोषाला कोपऱ्यात गाठणे ही दुरुस्ती करणाऱ्यांची जुनी रीत.

दुकानात येणारे वादक अ‍ॅम्प्लिफायरच्या तक्रारी घेऊन येत. त्या ऐकत ऐकत फेंडर स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागले आणि १९४६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या रचनेत दुरुस्ती करणाऱ्याचा विचार दिसतो. ट्यूब मागच्या बाजूने हाताला येतात. कोणती ट्यूब कुठे बसते त्याचा तक्ता पेटीच्या आत चिकटवलेला असतो. सुटे भाग एका पट्टीवर ओळीने मांडलेले असल्याने एक भाग बदलताना बाकीचे हलवावे लागत नाहीत. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या गिटारींनी त्यांना कीर्ती दिली. त्यांच्या बासमन अ‍ॅम्प्लिफायरच्या आराखड्यावरून लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर घडला.

यंत्रातले दोष हुडकणाऱ्या या माणसाला स्वतःच्या आजाराने मात्र दमवले. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे सायनसला झालेला संसर्ग हटेना. आता आपल्या हातून धंदा होणार नाही, असे वाटून जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला कंपनी विकली. त्यानंतर काही काळाने डॉक्टर बदलला आणि ते बरे झाले. कंपनी तोवर हातातून गेली होती. पुढे म्युझिक मॅन आणि जी अँड एल या कंपन्यांत ते पुन्हा कामाला लागले. पार्किन्सनच्या आजाराने गाठल्यावरही त्यांनी काम सोडले नाही. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टनलाच त्यांचे निधन झाले.

त्यांचे आराखडे पाहून अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्यांनी एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते. उघडण्याआधी ती योग्य रेझिस्टरमधून उतरवायची आणि मीटरने शून्याच्या जवळ आल्याची खात्री करायची. हे ज्याला येत नाही, त्याने यंत्र न उघडता जाणकाराकडे न्यावे. घुमणारा स्पीकर आठवडाभर थांबू शकतो. विजेचा धक्का बसलेल्या हृदयाला तेवढा वेळ मिळत नाही.