आधी तंबोरा

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. दहावीला मराठीच्या पेपरात 'आकाशाला गवसणी घालणे' या वाक्प्रचाराचा अर्थ लिहून मी एक मार्क मिळवला होता, पण गवसणी ही काय चीज आहे हे मला या वर्षीच्या गॅदरिंगपर्यंत माहीत नव्हतं. गवसणी म्हणजे तंबोऱ्याला घालायची कापडी खोळ. आणि ती नीट न घातल्यामुळे माझी जी फजिती झाली, तिच्यामुळेच हा लेख लिहितेय.

गॅदरिंगमध्ये आमच्या ग्रुपचं शास्त्रीय गायन होतं. तंबोरा मागून आणायचं काम माझ्याकडे. मी तो एसटीच्या शेवटच्या सीटवर आडवा टाकून आणला, तारा तशाच ताणलेल्या, गवसणी अर्धवट चढवलेली. वर कुणीतरी वायरींची बॅग ठेवली. हॉस्टेलवर उघडून बघतो तर एक तार तुटलेली आणि घोडी सरकलेली. शेवटी मोबाईलवर तानपुरा लावून वेळ मारून नेली. टाळ्या मिळाल्या, आम्हीही खूष!

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या एका सरांनी मला बोलावलं. सर मूळचे मिरजेचे. ते रागावले नाहीत. फिटिंग शॉपच्या टेबलावर तंबोरा ठेवून त्यांनी तार बदलली आणि काम करता करता मला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची गोष्ट सांगितली. नंतर लायब्ररीत बसून मी बाकीचं वाचलं. ते सगळं मिळून हे लिहिलंय.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. या गावावरूनच किराणा घराण्याला नाव पडलं. (मला आधी वाटायचं की वाण्याच्या दुकानाशी काहीतरी संबंध असेल!) घरात पिढ्यान्‌पिढ्या संगीत. गाण्याबरोबरच सारंगी, वीणा, सतार, तबला या सगळ्यांवर त्यांचा हात फिरला होता. तरुणपणी ते भावाबरोबर गाव सोडून निघाले आणि बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी गायक झाले.

दरबाराची नोकरी म्हणजे त्या काळी आयुष्याची सोय. पण तिथेच त्यांची ताराबाई माने यांच्याशी भेट झाली. ताराबाई सरदार घराण्यातल्या. एक मुसलमान गवई आणि एक मराठा सरदाराची मुलगी! आजही आपल्या कट्ट्यावर यावर तासभर चर्चा होईल, तर तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. दोघांनी बडोदा सोडलं. नोकरी गेली, आश्रय गेला. यापुढे पोट भरायचं ते गावोगाव मैफली करून.

इथूनच त्यांचं प्रवासी आयुष्य सुरू झालं. मुंबई, पुणे, मिरज, बेळगाव, धारवाड, पुढे म्हैसूर आणि मद्रास. आज आपण बँड बोलावतो तेव्हा एक टेम्पो भरून सामान येतं. खाँसाहेबांचं मुख्य सामान म्हणजे तंबोरे. ते मात्र त्यांनी जपायचे कसे, तर लेकरासारखे.

सरांनी मला घोडी दाखवली. वरून ती सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित गोलाई असते. तार तिला निसटता स्पर्श करत थरथरते आणि त्यातून तो गुंजणारा आवाज निघतो. याला जवारी म्हणतात. घोडी कानशीने घासून जवारी काढायची, मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. केसभर इकडेतिकडे झालं की आवाज मुका होतो. फर्स्ट इयरला आपण महिनाभर कानस चालवत वैतागलो होतो ना? खाँसाहेब ही कामं स्वतःच्या हाताने करायचे आणि दुरुस्तीची हत्यारं प्रवासात बरोबर बाळगायचे असं सांगतात. त्यांच्यासारख्या नामवंत गवयाने हातात कानस घेऊन बसायचं, हे मला फार आवडलं.

एवढा खटाटोप कशासाठी? इथे आपलं फिजिक्स कामाला येतं. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात तारा सहसा षड्ज आणि पंचमाला लावलेल्या असतात. तरी कान देऊन ऐकलं तर गंधारही ऐकू येतो. तो कुणी वाजवत नसतं. षड्जाच्या तारेचा पाचवा हार्मोनिक म्हणजे हा गंधार. याला स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोरा थोडा जरी बेसूर असला तरी तो उमटत नाही. किराणा घराण्याचं गाणं हे एकेका स्वरावर थांबून, हळूहळू राग उलगडण्याचं गाणं. मागचा सूरच डळमळीत असेल तर असं थांबायचं कुठे? म्हणून मैफलीची तयारी म्हणजे आधी तंबोरा, मग बाकी सगळं.

सुराबद्दलची ही काटेकोर वृत्ती बघूनच सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी बावीस श्रुतींच्या अभ्यासात खाँसाहेबांची मदत घेतली. म्हणजे एका अर्थाने खाँसाहेब लॅबमध्येही बसले! दक्षिणेत फिरताना त्यांनी कर्नाटक संगीतही कान उघडे ठेवून ऐकलं, तिथली सरगमची पद्धत आपल्या गाण्यात आणली आणि त्यागराजांची रचनाही रेकॉर्ड केली.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. गरीब मुलांनी गाणं शिकावं ही त्यामागची तळमळ. पण पैसा यायचा तो मैफलींतून. म्हणजे पुन्हा बांधाबांध, पुन्हा प्रवास. या ओढाताणीत घर मात्र सुटलं. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नावही लावलं नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे, ही सगळी त्यांचीच मुलं. जग त्यांना आईकडच्या किंवा नंतरच्या नावांनी ओळखतं. पण गळा वडिलांचा होता, तो काही बदलता आला नाही. ज्या माणसाला तारेतला केसाएवढा फरक कळायचा, त्याचं घर असं विस्कटलं हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. थोर माणसांच्या चरित्रात ही पानं आपण भरभर उलटतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढे खाँसाहेब मिरजेत राहिले. मिरज हे वाद्यांचं गाव. तिथले तंतुवाद्य कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं बनवणारे. तलवारींची मागणी संपली आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी तंबोरे करायला घेतले. मंगळवेढा-पंढरपूर भागातला भोपळा आणि मिरजेचा हात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. याच गावच्या मीरासाहेब दर्ग्यावर खाँसाहेबांची श्रद्धा होती. उरुसात ते तिथे गाऊन हजेरी लावत. तिथे तिकीट नाही, बिदागी नाही. तरीही तंबोरा तितकाच जुळवायचा.

आता शेवटचा प्रवास. ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब चौसष्ट वर्षांचे. मद्रासचा कार्यक्रम आटोपून शिष्यांबरोबर ते रेल्वेने पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. शिष्यांनी फलाटावरच अंथरूण घातलं. वेळ जवळ आली आहे हे खाँसाहेबांना कळलं असावं. त्यांनी नमाज पढला. मग तंबोरा गवसणीतून काढून जुळवायला लावला. तंबोरा सुरात आल्यावर ते दरबारी कानड्यात अल्लाचं नाव गायले आणि तिथेच शांत झाले. तारीख २७ ऑक्टोबर. मिरजेला दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं.

ही गोष्ट सांगताना सरांचा हात थांबला होता. मी मनात विचार करत होते, समोर श्रोते नाहीत, स्टेज नाही, वेळ तर अजिबातच नाही. अशा वेळी तरी माणसाने तंबोरा नसता जुळवला तर कोण विचारणार होतं? पण त्यांच्यासाठी तंबोरा जुळवणं ही गाण्याच्या आधीची तयारी नव्हतीच. गाणं तिथूनच सुरू व्हायचं.

त्यांच्यानंतर काय उरलं? त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल. भीमसेनजी लहानपणी खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून वेडे झाले आणि गुरूच्या शोधात घरातून पळाले. पुढे गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. ती रेकॉर्ड जेमतेम तीन मिनिटांची. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं उरकायची पद्धत आहे. त्या तीन मिनिटांमागे किती वर्षांची तयारी असेल याचा हिशोब आपल्याला जमणार नाही.

तंबोरा मी स्वतः परत करून आले. या वेळी तारा सैल केल्या, घोडीखाली कापड दिलं, गवसणीची नाडी बांधली आणि पूर्ण प्रवासभर तो मांडीवर उभा धरून बसले. कंडक्टरने अर्धं तिकीट मागितलं, तेही दिलं! पुढच्या गॅदरिंगची सामानाची यादी आत्ताच लिहून मेसच्या नोटीस बोर्डावर लावली आहे. माईक, स्पीकर, एक्स्टेंशन बोर्ड सगळं खाली आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय, तंबोरा जुळवायला अर्धा तास. कृपया ही ओळ कुणी खोडू नये.