तीन पैचा हिशेब

पुण्याच्या विद्यापीठ रस्त्यावर वैकुंठभाई मेहतांच्या नावाची सहकार-संस्था आहे. नाव अनेकांच्या नजरेखालून जाते, माणूस मात्र फारसा कुणाला आठवत नाही. बँकेत उभी हयात घालवल्यामुळे मला या माणसाचे कुतूहल वाटत आले आहे.

१८९१ साली भावनगरात जन्मलेले वैकुंठभाई विशीतच मुंबईच्या सहकारी बँकेत आले. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच. वडील लल्लूभाई सामळदास तिच्या संस्थापकांपैकी. मुलाने तीन दशकांहून अधिक काळ ती सांभाळली आणि १९४६ साली ते बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

१९५३ साली केंद्राने अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ स्थापले आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले. त्याच वर्षी गिरणीच्या कापडावर वारामागे तीन पै जादा कर बसला. हा पैसा खादी आणि हातमागासाठी होता. म्हणजे गिरणीचे धोतर घेणारा माणूस, नकळत का होईना, कुठल्याशा खेड्यातल्या कातणारीच्या मजुरीला हातभार लावत होता!

कर गोळा करणे सोपे, पण तो त्या बाईपर्यंत पोचवायचा कसा? खादीची कर्जप्रकरणे हाताळताना मला ही अडचण चांगलीच उमगली. कापूस विकत घ्यायचा, पेळू करायचे, सूत कातायचे, विणायचे, मग भांडारात गिऱ्हाइकाची वाट पाहायची. या साऱ्यात महिनोन्महिने पैसा अडकतो. कातणारीला मात्र मजुरी हातोहात हवी. म्हणून संस्थांना बिनव्याजी भांडवल आणि गिऱ्हाइकाला सूट, अशी दुहेरी व्यवस्था उभी राहिली. १९५७ साली खादी आयोग आला. त्याचेही पहिले अध्यक्ष वैकुंठभाईच.

सगळेच साधले असे नाही. चार चात्यांचा अंबर चरखा मोठ्या आशेने गावोगाव गेला. पुढे त्यांतले कितीतरी चरखे बंद पडून राहिले. चरखा देणे ही योजनेची सुरुवात असते. त्यामागून पेळू, दुरुस्ती आणि सुताला गिऱ्हाईक पोचले नाही, तर तो घरातली अडगळच होतो.

वैकुंठभाई १९६४ साली गेले. ‘पर्यावरणस्नेही’ कापडासाठी आजही सरकारी अनुदाने जाहीर होतात. अशी बातमी वाचली की माझ्यातला बँकवाला विचारतो : किती मंजूर झाले ते कळले, कातणाऱ्या-विणणाऱ्या हातांत किती पडले आणि पुढल्या वर्षी तिथे काम असेल का?