राजीनामा दिला, देव नाही सोडला

2013 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पद सोडलं, तेव्हा जगभर एकच प्रश्न होता : देवाच्या कामाचा राजीनामा देता येतो का? आपल्या नाशिकच्या जावयाने या प्रश्नाला 1917 मध्येच तोंड दिलं होतं. त्यांचं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केलंय ना, तेच!

टिळकांचा जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. आई गेल्यावर पोरवयात ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं, तेव्हा त्या जेमतेम 11 वर्षांच्या. पुढे रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने हातात बायबल ठेवलं आणि 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक तुटले. नवरा-बायकोही काही वर्षं एकमेकांपासून दूर राहिले. मग लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या आणि नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या आवारात संसार पुन्हा उभा राहिला. छोटा बालकवी तर त्यांच्या घरचाच झाला होता.

मिशन प्रोटेस्टंट, म्हणजे पोपशी संबंध नाही. पण पगार होता, धर्मोपदेशकाचा मान होता, ‘ज्ञानोदय’चं संपादन होतं. वीसेक वर्षांनी, वयाच्या 55 व्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. भांडून नव्हे. गोऱ्या साहेबाच्या पगारावर राहून आपल्या माणसांना ख्रिस्त आपला वाटणार नाही, हे त्यांना पटलं होतं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं मानणारा हा माणूस. ते ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही तिथे चालणार होता. चर्चच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. बाप्तिस्म्याशिवाय आत घ्यायचं, तर मग चर्चची वेस कुठे उरली?

घराचं काय? महिन्याचा ठरलेला पैसा बंद झाला. एकदा सगळं मोडून उभा केलेला संसार पुन्हा वाऱ्यावर. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचा, म्हणजे अशा लहरी, मोठ्या मनाच्या माणसाबरोबर राहणं म्हणजे काय ते कळेल. खरं सांगायचं तर, संन्यास नवऱ्याने घेतला, पण त्याची किंमत बायकोनेही मोजली.

दरबाराला वेळच मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भजनं मात्र मराठी चर्चमध्ये आजही गातात, म्हणजे सोडलेल्या घरातच त्यांचा आवाज राहिला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे तब्बल 64 अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्या वारल्या, त्याही आपल्या नाशिकमध्येच.