एरिकचे दोन रविवार

आजचं वाचन : मार्क २:२३-२८



एरिक लिडेल हे नाव तुमच्यापैकी काहींनी संडेस्कूलमध्ये ऐकलं असेल. रविवारी धावायला नकार देणारा तो ऑलिंपिक धावपटू! पण आजचा शास्त्रभाग वाचताना मला त्याचा दुसराच एक रविवार आठवला.

एरिकचा जन्म १९०२ साली चीनमधल्या तिआनजिन शहरात झाला. आईवडील स्कॉटिश मिशनरी. एडिनबरा विद्यापीठात शिकताना तो स्कॉटलंडकडून रग्बी खेळला आणि धावण्यातही नाव कमावलं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. हे त्याला काही महिने आधीच कळलं होतं. प्रभूच्या दिवशी धावायचं नाही, हा त्याचा निर्णय पक्का होता. लोकांनी टीका केली, पण तो बधला नाही. त्याने ४०० मीटरची तयारी केली. त्या रविवारी त्याने पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये संदेश दिला. मग २०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि ११ जुलैला ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण!

पुढच्याच वर्षी हे सगळं मागे ठेवून तो मिशनरी म्हणून चीनला गेला. तिथे शाळेत शिकवलं, नंतर खेडोपाडी सेवा केली. युद्धाचं सावट वाढलं तेव्हा, १९४१ मध्ये, गरोदर पत्नी आणि दोन मुलींना त्याने कॅनडाला पाठवलं. तिसऱ्या मुलीला तो कधीच पाहू शकला नाही.

१९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत कैद केलं. तिथे आईवडिलांपासून दुरावलेली शाळकरी मुलं होती. त्यांचा तो अंकल एरिक झाला. तो त्यांना विज्ञान शिकवायचा, त्यांचे खेळ भरवायचा. फक्त रविवारी नाही. एका रविवारी मुलं रेफरीशिवायच हॉकी खेळली आणि मारामारी झाली. पुढच्या रविवारी एरिक स्वतः रेफरी म्हणून मैदानात उतरला.

सुवर्णपदकासाठी जो नियम त्याने मोडला नाही, तो मुलांसाठी बाजूला ठेवला. मग तो बदलला का? मला नाही वाटत. पॅरिसमध्ये तो रविवार देवाला देत होता. छावणीतही देवालाच देत होता, फक्त आता मुलांच्या हातून.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी, सुटकेच्या सहा महिने आधी, मेंदूतल्या गाठीमुळे छावणीतच त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ४३.

आपण रविवारी उपासनेला जातो, उपवास धरतो, आणि घरी कोणी मदत मागितली की चिडतो. मीही चिडते. आज स्वतःला विचारूया, माझी भक्ती मला माणसांच्या जवळ नेते की त्यांच्यापासून दूर?

प्रार्थना : प्रभू येशू, स्वतःच्या लाभासाठी तुझी आज्ञा मोडू नये इतकं धैर्य दे, आणि तिच्या आडून प्रेम टाळू नये इतकं मोठं मन दे. आमेन.